आठ मात्रांचं पोलाद

सेतुराव,

तुम्ही जाऊन आज अठरा दिवस झाले. तेराव्याला वेस्ट मांबलमला तुमच्या घरी जेवलो. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या आणि बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेल्या. त्यांच्या लेखी ती साधी आठवण होती, पण माझी सात वर्षांची समजूत तिनं पार उलटी करून टाकली. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतोय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सांगलीसार, कोंजम् कमी बोला, काम पडलंय." आज मात्र ऐकून घ्या. आज तुम्हाला कुठं जायचं नाही.

मला या नावानं हाक मारणारे तुम्ही एकटेच. मी सांगलीहून मद्रासला आलो तेव्हा प्रयोगशाळेत सगळे इंग्रजीत किंवा तमिळमध्ये बोलत, आणि मी दोन्हींत अडखळत असे. तिसऱ्या दिवशी लेथमागून खाकी अर्धी चड्डी घातलेला, कपाळावर गोपीचंदन लावलेला एक माणूस बाहेर आला आणि मला म्हणाला, "तुमीं मराठी की? मज वाटलंच. चहा पिऊन तोंड वाकडं करणारा दुसरा कोण असणार?" तुमची ती तंजावरची मराठी मला आधी ऐतिहासिक नाटकातली वाटली. आम्ही टाकून दिलेले शब्द तुम्ही रोज वापरत होता, मध्येच तमिळ पेरत होता, आणि सगळं तमिळच्याच चालीत म्हणत होता. मी हसलो. तुम्हीही माझ्या 'अहो, काय सांगताय'ला हसलात. त्या हसण्यावर आपली दोस्ती जमली.

आपलं काम ऐकून लोक चकित व्हायचे. बाहेर गिंडीच्या रस्त्यावर डांबर वितळतंय, अंगातला सदरा पाठीला चिकटलाय, आणि आत आपण दोघं पोलाद गोठवत बसलोय. गॅसच्या कारखान्यातून आठवड्यातून दोनदा द्रव नायट्रोजनचा मोठा थर्मास यायचा. ते पाण्यासारखं दिसायचं आणि उघड्यावर ठेवलं की आपोआप उकळायचं. त्यात बोटाएवढी, मधोमध खाच पाडलेली पोलादाची कांडी बुडवायची, ती पुरती गार झाली की चिमट्यानं उचलून यंत्राच्या दोन ठोकळ्यांवर ठेवायची, आणि वर अडकवलेला जड लंबक सोडून द्यायचा. लंबक कांडी तोडून पलीकडे जितका कमी चढेल, तितकी त्याची ताकद कांडीनं तुटताना खाल्ली. म्हणजे कांडी चिवट. लंबक भरपूर वर गेला की समजायचं, पोलाद काचेसारखं फुटलं.

शाळेत मी शिकलो होतो की थंडीत धातू बळकट होतो. ते खोटं नाही. खेचून पाहिलं तर गोठलेलं पोलाद नेहमीपेक्षा जास्तच ताण सोसतं. पण तेच बळकट पोलाद एका फटक्यात मोडतं, वाकायचं नावसुद्धा घेत नाही. तांबं, अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू, भरपूर निकेल घातलेलं पोलाद मात्र त्या थंडीतही वाकून दाखवतं. हे मला पुस्तकानं सांगितलं, पण कळलं तुमच्यामुळे. तुम्ही तुटलेले तुकडे माझ्या तळहातावर ठेवलेत आणि म्हणालात, "हें बघा, साखरेसारखं चमकतंय, हें भ्यालं. आणि हें राखाडी, तंतू तंतू आलेत, हें शेवटपर्यंत भांडलं." पुढं तुम्ही मला डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ओळखायला लावलंत. भ्यालेलं पोलाद टण् करतं आणि भांडलेलं धप् करतं. काटा पाहण्याआधी तुमचा निकाल तयार असायचा आणि तो क्वचितच चुकायचा.

या कामातली खरी मेख वेळेची. कांडी थर्मासमधून बाहेर आली की मद्रासची ऊब तिला लगेच खायला लागते. दमट हवेत तिच्यावर दोन क्षणांत पांढरं हिम धरतं. पाच सेकंदांच्या आत फटका बसलाच पाहिजे. मी चिमटा धरायचो, तुम्ही लंबकाची कळ. एका हातात चिमटा असताना दुसऱ्या हातानं घड्याळ दाबणं मला जमेना. तेव्हा तुम्ही म्हणालात, "घड्याळ ठेवा बाजूला. मी मोजतों." तुमचे वडील तंजावरला कीर्तनात मृदंग वाजवायचे. तुम्हाला त्यांनी दहा वर्षांचे होईपर्यंत शिकवलं आणि पुढं मोठे झाल्यावर रेल्वेच्या वर्कशॉपात चिकटवून दिलं. मृदंग सुटला, ताल उरला होता. तुम्ही म्हणू लागलात, "त-क-दि-मि, त-क-झ-णु." पहिल्या 'त'ला कांडी बाहेर, दुसऱ्या 'त'ला ठोकळ्यावर, 'झ'ला माझे हात मागे, 'णु'ला लंबक खाली. मी गुपचूप घड्याळ लावून बघितलं होतं. दहा वेळांत दहाही वेळा एकच वेळ आली. ही गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही, कारण सांगलीच्या माणसानं मद्रासच्या तालाला शाबासकी द्यायची म्हणजे फारच झालं असतं.

दोन वर्षं आपण असं काम केलं. माझ्या आयुष्यातली ती फार सुखाची वर्षं होती. दुपारी केळीच्या पानात बांधलेला तुमचा दहीभात, त्यात वहिनींनी माझ्या वाटचं घातलेलं जास्तीचं लोणचं, आणि जेवताना होणारी आपली भांडणं. खरी मराठी कुणाची, यावर आपण किती वेळ घालवला असेल! तुम्ही म्हणायचात, आम्ही इकडे येऊन भाषा पेटीत घालून ठेवली, तुम्ही तिकडे राहून ती वापरून वापरून झिजवली. मी म्हणायचो, पेटीतल्या साडीला कसर लागते, सेतुराव. निकाल लागला नाही. तो आता लागणारही नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतंय.

मग ती टाकी आली. एका कारखान्याला द्रव ऑक्सिजन साठवायची टाकी बांधायची होती. त्यांनी थोडं निकेल घातलेलं एक दणकट पोलाद आपल्याकडे पाठवलं आणि विचारलं, हे एवढ्या थंडीत टिकेल का? आपण ऑक्टोबरपासून फटके मारत होतो. पोलाद काठावरचं होतं, ना धड चिवट ना धड ठिसूळ. आणि डिसेंबरात एकदम आकडे सुधारले. त्याच पोलादाच्या कांड्या जास्त ताकद खाऊ लागल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख, आपले मोठे सर, खूश झाले. मी धास्तावलो, कारण पोलाद महिनाभर कपाटात पडून शहाणं होत नाही. तुम्हीही कपाळाला आठ्या घालून उभे होता. "आज हें लोखंड खोटं बोलतंय," असं तुम्ही म्हणाल्याचं मला स्वच्छ आठवतं.

खोटं कोण बोलतंय ते मी तीन दिवस शोधलं आणि मला तुम्ही सापडलात. डिसेंबर म्हणजे मद्रासमध्ये गाण्याचा महिना, रोज संध्याकाळी कुठं ना कुठं कच्चेरी, म्हणजे मैफल. तुम्ही ठोक्याला पाच वाजता निघून जात होता. एरवी मीच तुम्हाला घालवून द्यायचो. सकाळी तुमचे डोळे लाल असायचे. मी विचारायचो, "काल कुणाची कच्चेरी, सेतुराव?" तुम्ही म्हणायचात, "होती एक." मी माझ्या मनात गणित मांडलं. हा माणूस रोज विलंबित गाणं ऐकतोय, त्याच्या डोक्यातली लय संथ झालीय, आठ मात्रा लांबल्यात, कांडी गरम होतेय, म्हणून चिवट निघतेय. मला हे गणित इतकं आवडलं की मी ते तपासलंही नाही. आधी दहा वेळा चोरून घड्याळ लावणाऱ्या मी त्या महिन्यात ते एकदाही लावलं नाही.

आणि हे मी तुम्हाला एकांतात विचारलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. मोठे सर, दोन विद्यार्थी, वर्कशॉपातली चार माणसं उभी असताना मी हसत हसत म्हणालो, "सर, सेतुरावांची लय कच्चेरीत अडकलीय. आपलं पोलाद सध्या विलंबित लयीत तुटतंय." सगळे हसले. माझा विनोद चांगला जमला होता. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघून हळूच म्हणालात, "सांगलीसार, इडुक्की कोठे ठेवतां तुमीं?" चिमट्याला तुम्ही इडुक्की म्हणायचात. मला वाटलं, माणूस सापडला की विषय बदलतो. मी उत्तर दिलं नाही.

जानेवारीत नवी पद्धत आली. एक विद्यार्थी स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला, लंबकाच्या कळीवर दुसरा माणूस आला, आणि आकडे पुन्हा खाली, ऑक्टोबरच्या जागी गेले. माझं गणित सिद्ध झालं. अहवालात जानेवारीचे आकडे गेले, कारखान्यानं ते पोलाद नाकारून चांगलं निकेलवालं घेतलं, आणि मोठ्या सरांनी तुम्हाला यंत्रावरून काढून कांड्यांना खाचा पाडायच्या मशीनवर पाठवलं. पुढची सात वर्षं तुम्ही खाचा पाडल्यात. इतक्या नेमक्या की भिंगाखाली एकीला झाकावं आणि दुसरी दाखवावी.

आपण बोलत राहिलो. दहीभात येत राहिला, लोणचंही. पण सेतुराव, तुमच्यातला एक माणूस उठून गेला होता आणि मला ते कळत होतं. एकदा तुमच्या घरी गोकुळाष्टमीला मी तुमच्या मुलीला, सुगुणाला म्हटलं, अप्पांना आठ मात्रा म्हणायला सांग. तुम्ही म्हणालात, "विसरलों." तुमच्या बापाचा ताल तुम्ही विसरलात, हे मी खरं मानलं. खरं म्हणजे मानायचं होतं म्हणून मानलं. मनात मी स्वतःला थोडा उदारही समजत होतो. चूक दाखवूनसुद्धा आपण या माणसाशी कसे चांगले वागतो, असं मला वाटायचं. हे लिहिताना मला माझी किळस येतेय.

तेराव्याच्या दिवशी दारात मी वहिनींना म्हटलं, "सेतुरावांना गाण्याचं केवढं वेड! डिसेंबरात पाच वाजले की थांबायचे नाहीत." वहिनी म्हणाल्या, "खरं. पण सुगुणाला टायफाइड आला त्या वर्षीं नाही. तेव्हां पाचाला सुटून आस्पत्रीला येत. सगळा महिना. एक कच्चेरी ऐकली नाही त्यांनी, गाण्याचं नांव घेतलं नाही." मी विचारलं, कुठल्या वर्षी? त्या बोटं मोजून म्हणाल्या, "ती चौथीत होती. सात वर्षं झालीं की. तुम्हाला बोलले नाहीत? घरचं तिकडं नेत नसत ते."

मांबलम स्टेशनावर मी दोन गाड्या सोडल्या. तुमची मुलगी तापानं फणफणली होती आणि मी रोज सकाळी तुम्हाला कच्चेरीचं विचारत होतो. 'होती एक' म्हणालात तुम्ही. कसं म्हणवलं तुम्हाला?

पण मी कसला निगरगट्ट, तेही सांगतो. घरी पोचेपर्यंत माझ्यातला वकील जागा झाला. गाणं नसेल, जागरण तर होतं? जागरणानंही लय ढिली पडते. मग तुमचा प्रश्न आठवला. चिमटा कुठे ठेवता? आणि माझ्या उजव्या अंगठ्याकडे लक्ष गेलं. तिथं अजून एक पांढरा डाग आहे. त्या डिसेंबरच्या सुरुवातीला गोठलेला चिमटा फाटक्या हातमोज्यातून माझ्या अंगठ्याला चिकटला होता आणि कातडी निघाली होती. त्यानंतर महिनाभर मी चिमटा कांडीबरोबर थर्मासमध्ये बुडवून ठेवायचं सोडलं. भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचो, म्हणजे तो चावायचा नाही. जानेवारीपर्यंत अंगठा बरा झाला आणि चिमटा परत बुडू लागला. त्याच आठवड्यात स्टॉपवॉच आलं. एका वेळी दोन गोष्टी बदलू नयेत, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दर जुलैत शिकवतो.

दोन दिवसांनी मी ते जुनं पोलाद बाहेर काढलं. उरलेल्या कांड्या तुम्हीच तेल लावून डब्यात भरून ठेवल्या होत्या, खाचा पाडलेल्या. स्टॉपवॉच लावून, अगदी त्याच वेळात, सहा कांड्या गार चिमट्यानं ठेवल्या. सहा खिळ्यावरच्या चिमट्यानं. गार चिमट्याच्या सहाही जानेवारीसारख्या तुटल्या. गरम चिमट्याच्या सहाही डिसेंबरसारख्या. मी आवाजावरूनच ओळखत होतो, काट्याकडे बघवत नव्हतं. मग आणखी काही कांड्या गार चिमट्यानं उचलून, मुद्दाम रेंगाळून, जास्त वेळ घेऊन तोडल्या. आकडा जेमतेम हलला. म्हणजे तुम्ही खरोखर विलंबित मोजलं असतंत तरीसुद्धा एवढा फरक पडला नसता. गरम चिमटा खाचेच्या शेजारीच धरायचा आणि पोलादाला नेमकी तिथंच ऊब द्यायचा. तुम्ही हे मला सात वर्षांपूर्वी एका वाक्यात विचारलं होतं.

मी तडक तुमच्या घरी गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं, पाया पडायलाही वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. रडतील असं मला वाटलं होतं, निदान रागावतील. त्या म्हणाल्या, "हें मज कां सांगतां, सार? मी तर त्यांना कधीं चुकले म्हटलं नाही. जेथे म्हटलां तेथे सांगा." आणि पुन्हा सुपात बघायला लागल्या.

काल प्रयोगशाळेत तुमची शोकसभा झाली. तुमच्या फोटोला हार घातला होता. फोटोत तुम्ही उगीचच घाबरलेले दिसता. मोठे सर आता निवृत्त आहेत, तरी मुद्दाम आले होते. वर्कशॉपातली माणसं मागं उभी होती. माझी पाळी आल्यावर मी तमिळमध्येच बोललो, कारण त्या दिवशी हसलेल्या प्रत्येकाला कळायला हवं होतं. माझ्या तमिळला तुम्ही पोट धरून हसायचात, काल कुणीच हसलं नाही. लय चुकली नव्हती, मी चिमटा खिळ्यावर टांगत होतो, सेतुरावांनी मला तेव्हाच विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं. एवढं सांगितलं आणि नव्या फटक्यांचे आकडे फळ्यावर लिहिले.

मग मोठे सर खुर्चीतून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, पण अहवालात जानेवारीचेच आकडे गेले ना? ते तर बरोबर होते. टाकी नीट उभी आहे. मग बिघडलं काय?"

सेतुराव, नऊ वर्षांत मी सरांना उलट उत्तर दिलं नव्हतं. काल माझा आवाज चढला. मी म्हणालो, "आकड्यांचं काही बिघडलं नाही, सर. मी या माणसाला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं, तुम्ही त्याला कळीवरून काढलंत, आणि तो सात वर्षं कोपऱ्यात खाचा पाडत मेला. हे बिघडलं." सर म्हणाले, आता बोलून काय उपयोग. मी म्हटलं, तेव्हा बोललो नाही म्हणून आता बोलतोय. ते म्हणाले, खाली बस. मी बसलो नाही.

तुमच्या बाजूनं मी भांडलो ते हे पहिलंच भांडण. तुम्ही तिथं नव्हता.